हातचा न लागणारा गुणाकार

उन्हाळ्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. अशा वेळी एक गुणाकार करून पाहा. कूलरच्या झोतापासून जरा बाजूला बसा, नाहीतर कागद उडेल. नऊ वेळा 1 लिहा : 111111111. त्याखाली पुन्हा तेच. उत्तर येतं 12345678987654321. नऊपर्यंत चढण, मग तेवढीच उतरण. उलटीकडून वाचा, तीच संख्या.

मोबाइलवर नको, हातानेच करा, कारण खरी गंमत मांडणीत आहे. गुणाकाराची प्रत्येक ओळ म्हणजे तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. बेरजेला बसलं की उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच 1, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात नऊ, आणि पुढे पुन्हा एकेक कमी. अख्ख्या बेरजेत एकदाही हातचा लागत नाही. नवाऐवजी दहा एक घेतले, तर मधल्या रकान्यात 10 जमतात, हातचा पुढे जातो आणि सगळी शिस्त मोडते : 1234567900987654321. डाव्या बाजूचा 8 गायबच!

अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली. कल्पना त्यांना त्या स्टेशनवर सुचली. 1905 साली डहाणूत जन्मलेले कापरेकर 1930 ते 1962 देवळालीला शाळेत शिकवत होते. 'कापरेकर स्थिरांक' म्हणवल्या जाणाऱ्या 6174 या संख्येमुळे ते जगाला माहीत झाले, तेही 1975 मध्ये गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर. मला विचाराल तर डेमलो 6174 पेक्षा गोड आहेत, कारण त्यांचं 'का' पाचवीतल्या मुलालाही कळतं. नागपूरहून मुंबईला जाणारी गाडी आधी देवळाली ओलांडते, मग डोंबिवली. आपण बहुधा झोपेत असतो.

आपल्या 12345678987654321 या संख्येच्या अंकांची बेरीज 81, म्हणजे 9 गुणिले 9. हा योगायोग नाही. नऊ एकांची बेरीज 9, आणि हातचा नसल्यामुळे गुणाकारात या बेरजांचाही गुणाकारच होतो. या संख्येचे मूळ अवयव तीनच : 3, 37 आणि 333667.

आता तिला त्याच 81 ने गुणा. 999999998000000001 मिळतं, म्हणजे 999999999 चा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करून मिळवा : 999999998 अधिक 1. पुन्हा 999999999! वर्गाचे तुकडे जोडल्यावर मूळ संख्या परत देणाऱ्यांना कापरेकर संख्या म्हणतात. लहान उदाहरण 45 चं : वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 पुन्हा 45. डेमलो आणि कापरेकर संख्या, ही दोन घराणी इथे अशी सोयरिकीत येतात.

आपल्या डेमलो संख्येच्या आकाराचं म्हणाल, तर सेकंदाला एक या वेगाने तिथवर मोजायला सुमारे 39 कोटी वर्षं लागतील. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त स्थानांची नावं एकं-दहंपासून परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध अठरावं. आपली संख्या सतरा अंकी, आणि सतराव्या स्थानाचं नाव 'मध्य'. नागपूरकराला यावर, देशाचा मध्य म्हणून दाखवला जाणारा झिरो माइलचा खांब आठवणारच. या संख्येच्या मध्यावर मात्र शून्य नाही, 9 आहे.