झिम्मा आठवा, ताल सापडेल!

मैत्रिणींनो, मोबाइलवर गाण्याच्या तालावर पट्ट्या टिपायच्या खेळात माझं बोट नेहमी उशिरा पडायचं. “आई, तुला नाही जमणार,” लेक म्हणाली. मनाला लागलं हो! मग जालन्यातल्या आमच्या गल्लीतली मंगळागौर आठवली. झिम्मा खेळताना आपण हातांकडे बघतो का? कान तालावर असतो.

तेच केलं. आधी गाणं नुसतं ऐकलं, टाळ्यांनी ठेका धरला. संथ गाणी घेतली. नजर खालच्या रेषेवर न खिळवता वरून येणाऱ्या पट्ट्यांवर ठेवली. ब्लूटूथचा हेडफोन काढला. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. रोज १० मिनिटं, बास!

जपानमध्ये २००१ साली आलेल्या ‘ताइको नो तात्सुजिन’ खेळात तर चक्क ढोल बडवायचा असतो. परवा लेकच म्हणाली, “आई, मलाही शिकव ना गं!”