उंदराच्या चार मिनिटांवर किती भरवसा ठेवायचा?

पुण्यातल्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.चा प्रबंध अनेकदा कोरेगाव रस्त्यावरून सुरू होतो. तिथल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात, नाहीतर शहरातल्या आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतीची ओळख पक्की करून घ्यायची, पानं सावलीत वाळवायची, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा. प्राण्यांसाठीच्या नैतिकता समितीची परवानगी मिळाली, की मग उंदीर.

अर्क नैराश्यावर चालतो का हे पाहायचं असतं, पण उंदीर उदास आहे हे ओळखायचं कसं? १९७७ साली रॉजर पोरसोल्ट यांनी एक चाचणी मांडली. पाण्यानं भरलेल्या उभ्या काचपात्रात उंदराला सोडतात. सुटका नाही असं दिसलं, की तो धडपड थांबवून नुसता तरंगतो. सहा मिनिटांपैकी शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद निश्चल राहिला, ते मोजतात. १९८५ साली आलेल्या दुसऱ्या चाचणीत त्याला शेपटीला चिकटपट्टी लावून टांगतात. अर्क दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडला, तर अर्कात नैराश्यावरचा गुण असावा, असा अंदाज बांधतात. तुलनेसाठी एका गटाला इमिप्रामिन किंवा फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं रूढ औषध दिलेलं असतं.

पण कॅफीन दिलेला उंदीरही जास्त धडपडतो. म्हणून त्याची एरवीची हालचाल वेगळी मोजावीच लागते. ती न मोजता काढलेल्या निष्कर्षाला माझ्या मते काडीची किंमत नाही. आणखी एक अडचण आहे. माणसाला फ्लुओक्सेटिनचा गुण यायला काही आठवडे लागतात, उंदरावर मात्र एकाच मात्रेचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. शिवाय तरंगणं म्हणजे हताशाच कशावरून? ताकद राखण्याचा तो शहाणपणाही असेल.

या चाचण्या निरुपयोगी नाहीत. शेकडो अर्कांतून पुढे तपासण्याजोगे निवडायला त्या चालतात. खरा रस्ता त्यापुढचा आहे, आणि तो सर्पगंधा या वनस्पतीनं दाखवला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे ठेवला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता दिसू लागली. रेसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचे साठे रिकामे करतं, हे कळल्यावर नैराश्याच्या रासायनिक कारणांचा विचार जोरात सुरू झाला. एक द्रव्य, मोजलेली मात्रा, माणसांवरची बारकाईची नोंद: आपल्याकडचे बहुतेक अर्क इथवर पोहोचतच नाहीत.

मात्रेचाच हिशेब पाहा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर रूढ रूपांतरानं ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास एक ग्रॅम अर्क लागेल. वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर दहा ग्रॅम पाला. चिमूटभर चूर्णाचा याच्याशी संबंध राहत नाही.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समजही सोडायला हवा. युरोपात सौम्य नैराश्यावर वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट यकृतातली विकरं वाढवते. त्यामुळे रक्त गोठू न देणारं वॉरफरिन आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. नैराश्यावरच्या गोळ्यांबरोबर ती घेणं तर धोक्याचं.

तेव्हा बाटलीवर ‘संशोधनाने सिद्ध’ दिसलं, तर ते संशोधन उंदरांवरचं की माणसांवरचं, हे जरूर विचारा. चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. काढा, चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. मन फार खचलं असेल, तर टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.