कादंबरीसाठी बांधलेलं संग्रहालय

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली. ती वाचून थेऊरला गेलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीची आहेत. गणपतीचं दर्शन झालं की रमाबाई सती गेल्या ती नदीकाठची जागा ती विचारतात आणि कादंबरीतले संवाद तिथेच घडले असं धरून चालतात. आपल्या मनात कादंबरी आणि इतिहास असे एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

जपानमधल्या मात्सुयामा शहरात मात्र एका ऐतिहासिक कादंबरीसाठीच संग्रहालय उभारलेलं आहे. कादंबरीचं नाव ‘साका नो उए नो कुमो’, म्हणजे चढणीच्या माथ्यावरचा ढग. लेखक शिबा र्योतारो. १९६८ ते १९७२ अशी चार वर्षं ती एका दैनिकात रोज थोडी थोडी येत होती. तिचे तिन्ही नायक याच गावचे. आकियामा योशिफुरू घोडदळाचा अधिकारी. त्याचा धाकटा भाऊ सानेयुकी आरमारात. १९०५ साली रशियाचं आरमार बुडालं त्या त्सुशिमाच्या लढाईची आखणी करणाऱ्यांत तो होता. तिसरा सानेयुकीचा बालमित्र मासाओका शिकी. याने तलवार धरली नाही. हायकूला नवं रूप देऊन तो १९०२ साली, पस्तिशीही न गाठता, क्षयाने गेला. मला विचाराल तर तिघांत खरा मोठा हाच!

संग्रहालय २००७ साली, किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी सुरू झालं. तादाओ आंदो या नामवंत वास्तुकाराने काँक्रीट आणि काचेची तिकोनी इमारत बांधली. मजल्यावरून मजल्यावर जायला उताराचे रस्ते ठेवले, म्हणजे पाहणारासुद्धा चढण चढतच वर जातो. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आतली एक भिंत. कादंबरीचे सगळे १२९६ हप्ते, वर्तमानपत्राच्या पानावर छापून आले तसेच, त्या भिंतीवर लावले आहेत. पाहणाराला आपोआप कळतं की ही एका लेखकाने, रोजच्या रोज, वर्तमानपत्राच्या वाचकांना सांगितलेली गोष्ट आहे. त्या काळाची माहिती देणारी प्रदर्शनं वेगळी मांडलेली असतात आणि त्यांचे विषय बदलत राहतात.

ही काळजी घेणं गरजेचंच होतं, कारण गोष्ट युद्धाची आहे. खुद्द शिबांनी हयातीत या कादंबरीवर चित्रपट काढू दिला नाही. पडद्यावर ती युद्धाचा गौरव करणारी ठरेल अशी त्यांना भीती होती. ते १९९६ साली वारले आणि २००९ ते २०११ या काळात दूरदर्शन मालिका झालीच. टीकाही होत आली आहे. ज्या कोरियावरून ही युद्धं पेटली आणि जो देश १९१० साली जपानने गिळला, त्या कोरियाच्या लोकांना कादंबरीत जागा किती, असा अभ्यासकांचा सवाल आहे. सेनापती नोगी यांना लेखकाने अगदीच नालायक ठरवलं, हीही तक्रार आहे. शहराचा अभिमान आणि हे आक्षेप, दोन्ही एका छपराखाली सांभाळायचे म्हणजे तारेवरची कसरतच.

आम्हा पनवेलकरांना हे वाचताना शिरढोण आठवतं. गोव्याच्या रस्त्याला, कर्नाळ्याच्या अलीकडे असलेलं हे वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचा वाडा स्मारक म्हणून जपलेला आहे. इथे अडचण थेऊरच्या उलट आहे. लिखित पुरावा भरपूर, पण गोष्ट थोड्यांनाच ठाऊक. लष्कराच्या हिशेबखात्यातला एक कारकून १८७६-७७च्या दुष्काळात लोकांचे हाल पाहतो, रामोशांना हाताशी धरून सावकारांवर दरोडे घालतो, १८७९ साली पकडला जातो. त्यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशीच खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. एडनच्या तुरुंगातून दार उखडून ते पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले.

यावर कादंबरी लिहायला कल्पनेचा फारसा आधार लागणार नाही. आणि वाड्यात एखादी भिंत भरायची झालीच, तर मी तिथे आधी त्या रोजनिशीची पानं लावीन, दरोड्यांच्या नोंदींसकट.