किल्ली काढल्यावर चालणारे इंजिन

मोटारीची किल्ली काढून घेतली की इंजिन थांबते, हा समज इतका स्वाभाविक आहे की गाडीतील बहुतेक विद्युत्-योजना याच गृहीतावर उभारलेली असते. आणि म्हणूनच टर्बो टायमर व चोरीचा अलार्म ही दोन उपकरणे आपापल्या जागी निर्दोष असूनही एकाच गाडीत बसविताच परस्परांच्या कामात विघ्ने आणू लागतात.

टायमरची आवश्यकता का पडली, हे आधी पाहिले पाहिजे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली टर्बोच्या ज्या योजनेचे पेटंट घेतले, तिचे सार असे की, इंजिनातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राकरवी अधिक हवा सिलिंडरात भरावी. आजच्या मोटारीत हा दांडा मिनिटाला लाखाहूनही अधिक फेरे घेऊ शकतो, पेट्रोल इंजिनात त्याच्या चक्रावर येणाऱ्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते, आणि एवढ्या वेगाचा सारा भार तेलाच्या एका सूक्ष्म थरावर तोललेला असतो. तो थर राखणारा पंप इंजिनाच्याच बळावर चालत असल्यामुळे, दीर्घ चढण चढून आलेली गाडी चालकाने तत्क्षणी बंद केली तर तेलाचा प्रवाह खुंटतो, टर्बाइनच्या कवचातील उष्णता बेअरिंगकडे सरकते, आणि तेथे अडकलेले तेल कढईच्या तळाशी करपावे तसे करपून त्याचा कोळसा धरतो. हे वारंवार घडले म्हणजे तेलाच्या वाटा बुजत जातात व टर्बो निकामी होतो.

यावरचा उपाय म्हणजे इंजिन थोडा वेळ मंद गतीने चालू ठेवणे. गाडीत बसून तेवढा वेळ काढण्याचे चालकाचे काम यंत्राकडे सोपविण्याची तजवीज १९८० व १९९० च्या दशकांत जपानी मोटारींच्या शौकिनांमध्ये रूढ झाली. स्कायलाइन, सुप्रा अशा गाड्यांत एचकेएस, ब्लिट्झ वगैरे कंपन्यांचे टायमर बसू लागले. किल्ली निघताच हा टायमर बॅटरीचा प्रवाह स्वतःच्या रिलेमार्फत इग्निशनच्या तारेत सोडतो, आणि ठरविलेली मुदत संपेपर्यंत इंजिन चालूच राहते.

संघर्षाचे मूळ या एका तारेत आहे. अलार्मदेखील चालक गाडीत आहे की नाही याचा दाखला तिच्याकडूनच घेतो. तीत प्रवाह दिसला की किल्ली लागलेलीच आहे असे तो मानतो, आणि मालक दार ओढून निघून गेला तरी पहारा सुरू करण्याचे नाकारतो. उलट, काही अलार्म पहारा सुरू करतात खरे, परंतु त्याच क्षणी त्यांचा इमोबिलायझर इंधनपंप किंवा इग्निशन तोडतो, आणि ज्या टर्बोसाठी एवढा खटाटोप केला तो तापलेलाच बंद पडतो. तेवढ्यातून निभावले, तरी चालत्या इंजिनाच्या कंपनाने शॉक सेन्सर दचकतो. आणि बॅटरीच्या दाबातील घट मोजणारा अलार्म असेल, तर रेडिएटरचा पंखा सुरू होताच तो आळीभर कर्कश ओरड करतो.

सर्वांत समाधानकारक मार्ग म्हणजे टायमरची सोय मूळ रचनेतच असलेला अलार्म घेणे. तो मुदतीपुरता शॉक सेन्सर स्थगित ठेवून दारे व बॉनेट यांच्यावर मात्र नजर ठेवतो, आणि इंजिन थांबल्यावर पूर्ण अंमल बसवितो. जुना अलार्म ठेवावयाचा असेल, तर त्याच्या इग्निशन-सूचनेच्या तारेत असा रिले घालावा की टायमर चालू असेतोवर ती तार तुटलेली राहील, म्हणजे अलार्मला किल्ली निघाल्याचे यथार्थ कळेल. ही सूचना अॅक्सेसरीच्या तारेवरून घेण्याचा सल्ला कित्येकदा दिला जातो. तो मला सदोष वाटतो, कारण अनेक गाड्यांत स्टार्टर फिरत असताना त्या तारेतील प्रवाह खंडित होतो, आणि काही टायमर तिलाही प्रवाह पुरवितात. इमोबिलायझरने टायमरच्या मुदतीत केवळ स्टार्टर तोडावा. तेवढ्याने चालू इंजिनाला बाधा येत नाही. रिले व तारा इग्निशनच्या भाराला पुरेशा जाड असाव्यात, सांधे डाखाचे असावेत आणि प्रत्येक नव्या पुरवठ्यावर फ्यूज असावा, याविषयी कोणतीही सवलत देऊ नये.

हँडब्रेकची तार हा तर सुरक्षिततेचा प्राण होय. हँडब्रेक सुटताच टायमरने इंजिन बंद करावे यासाठी ती असते. ती कायमची अर्थिंगला जोडून टाकणारे कारागीर मालकाचा जीव धोक्यात घालतात, कारण किल्लीवाचून चालणारी गाडी त्यामुळे चोराच्या किंवा उताराच्या स्वाधीन होते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ मध्येही, सार्वजनिक जागी परवानाधारक चालक आसनावर नसेल तर यंत्र थांबवून ब्रेक लावण्याची अथवा गाडी आपोआप चालू लागणार नाही असा बंदोबस्त करण्याची अट आहे. बंद गॅरेजात टायमर वापरणे तर सर्वथा वर्ज्य मानावे, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही.

पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोंमुळे आता टायमरची निकड पुष्कळ ओसरली आहे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी सावकाश हाकली तरी बहुधा भागते. तरीही ज्याने ही जोडणी करून घेतली असेल, त्याने गाडी ताब्यात घेण्यापूर्वी सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, टायमर चालू असताना दारे कुलूपबंद करावीत, एक दार किल्लीने उघडून अलार्म वाजतो का ते पाहावे, आणि आत बसून, पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक सोडावा: इंजिन तत्काळ थांबले नाही, तर काम अपुरे समजून गाडी कारागिराकडेच ठेवावी.