छळणारा, छळला जाणारा आणि बाकीचा वर्ग

इंग्लंड-अमेरिकेतील शाळांमध्ये इंग्रजीच्या तासाला एखादी संपूर्ण कादंबरी कित्येक आठवडे प्रकरणागणिक वाचली जाते, तिच्यावर वर्गात चर्चा होते आणि शेवटी विद्यार्थी तिच्यावर निबंध लिहितात. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत फारशी परिचयाची नसते, कारण ‘कुमारभारती’सारख्या पाठ्यपुस्तकात कादंबरी आलीच तर ती वेच्याच्या रूपाने, मोजक्या पानांपुरती येते आणि पुढचे पुस्तक वाचायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडलेले असते. तिकडे अशा रीतीने वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत शाळकरी मुलांच्या आपसांतील छळाच्या कथा ठळकपणे दिसतात. त्यांच्याविषयी लिहिताना विद्यार्थी बहुधा खलपात्र कोण आणि बळी कोण एवढेच शोधतात, आणि स्वतःची जागा अर्थातच बळीच्या बाजूला धरतात. वास्तविक या कादंबऱ्यांची खरी ताकद उरलेल्या मुलांच्या चित्रणात आहे, म्हणजे जी मारत नाहीत, मार खात नाहीत, पण घडते ते सारे पाहत असतात त्यांच्या चित्रणात.

या परंपरेच्या प्रारंभी थॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ ही 1857 सालची कादंबरी उभी आहे. रग्बी या निवासी शाळेत त्या काळी ‘फॅगिंग’ची रीत होती, म्हणजे वरच्या वर्गातील मुलांची पडेल ती कामे खालच्या वर्गातील मुलांनी करायची आणि शाळेनेही ती व्यवस्था मान्य केलेली होती. या व्यवस्थेच्या आडोशाने फ्लॅशमन नावाचा मोठा मुलगा लहानांना छळतो, आणि घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीत टॉमला मिळालेली चिठ्ठी तो विकायला तयार नाही म्हणून त्याला धगधगत्या शेकोटीसमोर धरून भाजतो. भाजलेला टॉम छळणाऱ्यांची नावे मोठ्यांना सांगत नाही, कारण चुगली करणे हा त्या मुलांच्या जगातला सर्वांत मोठा गुन्हा असतो आणि लेखकालाही टॉमच्या या मौनाचे कौतुकच वाटते. पुढे फ्लॅशमनला शाळेतून काढले जाते ते दारू पिऊन झिंगल्याबद्दल. मुलाला आगीसमोर धरल्याची शिक्षा त्याला शाळेकडून कधीच होत नाही, आणि ही विसंगती लेखकाच्या ध्यानात आली असावी असे पुस्तकातून जाणवत नाही. (याच फ्लॅशमनला जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझर याने विसाव्या शतकात एका कादंबरीमालेचा भित्रा नायक केले आणि 1975 सालच्या एका भागात त्याला थेट 1857च्या झाशीत, राणी लक्ष्मीबाईंच्या दरबारी आणून सोडले, हे मराठी वाचकाला गमतीचे वाटेल.)

टॉम ब्राऊनच्याच सुमारास निघालेल्या बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ या कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली तीन इंग्रज मुले शहाण्यासारखी, गुण्यागोविंदाने राहतात. सुमारे शंभर वर्षांनी, 1954 साली, विल्यम गोल्डिंग याने ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ लिहून या कल्पनेला उत्तर दिले आणि राल्फ व जॅक ही नावेही मुद्दाम तिथूनच उचलली. गोल्डिंग सॉल्झबरी येथील बिशप वर्ड्सवर्थ्स स्कूलमध्ये शिक्षक होता, त्यापूर्वी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता आणि नॉर्मंडीच्या चढाईत त्याने अग्निबाण सोडणाऱ्या एका नौकेचे नेतृत्व केले होते. तेव्हा मुले आणि हिंसा या दोन्ही गोष्टी त्याने जवळून पाहिलेल्या होत्या. अनेक प्रकाशकांनी परत केलेले त्याचे हस्तलिखित फेबर या संस्थेतील चार्ल्स माँटिथ या तरुण संपादकाने नाकारलेल्यांच्या ढिगातून वर काढले. 1983 साली गोल्डिंगला नोबेल पारितोषिक मिळाले तोवर ही कादंबरी शाळाशाळांतून शिकवली जात होती.

या कादंबरीवरील निबंधात जॅकच्या क्रौर्यावर पानेच्या पाने खर्ची पडतात, परंतु छळाची सुरुवात जॅककडून होत नाही. पहिल्याच प्रकरणात लठ्ठ, दमेकरी, चष्मा लावणारा एक मुलगा राल्फला विश्वासाने सांगतो, की पूर्वीच्या शाळेतले नाव सोडून मला काहीही म्हटले तरी चालेल. आणि राल्फने विचारल्यावर ते नाव, ‘पिगी’, तो हलक्या आवाजात उच्चारतो. राल्फ हसतो, नाचतो. थोड्या वेळाने सगळी मुले जमलेली असताना जॅक त्या मुलाला जाड्या म्हणून गप्प बसवतो, तेव्हा त्याची बाजू घेण्याऐवजी राल्फच सर्वांना त्याचे ‘खरे’ नाव सांगून टाकतो आणि सभेत हशा पिकतो. एकमेकांना अनोळखी असलेली ती मुले त्या हसण्याने क्षणभर एक होतात, आणि एकटा पिगी त्या वर्तुळाबाहेर राहतो. त्या मुलाचे घरचे नाव काय हे कादंबरीत शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. राल्फ हा कथेचा नायक, लोकशाहीचा आणि सभ्यतेचा प्रतिनिधी मानला जातो. तरीही गट बांधण्यासाठी एकाला बाहेर ठेवण्याची युक्ती बेटावर प्रथम त्याच्याच हातून, अगदी सहज, काही वाईट करतो आहोत या जाणिवेशिवाय वापरली जाते. पुढे रात्रीच्या नाचात सायमन या मुलाला ठार मारणाऱ्या घोळक्यात राल्फ आणि पिगी दोघेही कडेला असतातच, आणि दुसऱ्या दिवशी पिगीच तो अपघात होता असे घोकत बसतो. बळी ठरलेला मुलगाही दुसऱ्याच्या बाबतीत बघ्या होऊ शकतो, ही गोष्ट गोल्डिंगने जितक्या निर्दयपणे मांडली तितकी क्वचितच कोणी मांडली असेल.



इथे भांडण आणि छळ यांतला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण वर्गातील चर्चेत हे दोन्ही सर्रास एकत्र केले जातात. नॉर्वेत काम करणारे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि छळाची तीन लक्षणे सांगितली: तो हेतुपुरस्सर असतो, पुनःपुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असल्यामुळे सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जाते. बरोबरीच्या दोघांत मैदानावर झालेली मारामारी कितीही जोराची असली तरी ती या व्याख्येत बसत नाही. उलट रोज डब्याच्या सुट्टीत एकाच मुलीशी कोणीही न बोलणे बसते, मग तिच्या अंगाला कोणी बोटही लावलेले नसो.

या फरकाच्या दृष्टीने एस. ई. हिंटन हिची ‘द आउटसायडर्स’ ही 1967 सालची कादंबरी पाहण्यासारखी आहे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात हायस्कुलात शिकत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, तिने ही कादंबरी लिहायला घेतली आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलीने लिहिलेली म्हणून समीक्षकांनी बाजूला सारू नये यासाठी प्रकाशकाच्या सूचनेवरून नावाची केवळ आद्याक्षरे छापली गेली. गरीब वस्तीतली ‘ग्रीझर’ मुले आणि श्रीमंतांची ‘सोश’ मुले यांच्यातले वैर हे वरवर दोन टोळ्यांचे भांडण आहे आणि त्यांच्या ठरवून केलेल्या मारामाऱ्या तशाच आहेत. परंतु एकट्या सापडलेल्या जॉनीला मोटारीतून आलेले चौघे मिळून रक्तबंबाळ करतात तेव्हा भांडणाचा छळ झालेला असतो, आणि पैसा, मोटार, पोलिसांची व शिक्षकांची मर्जी हे बळाचे सगळे असमतोल त्यामागे उभे असतात. कादंबरीच्या शेवटी कळते, की हे सारे निवेदन म्हणजे चौदा वर्षांच्या पोनीबॉयने इंग्रजीत नापास होऊ नये म्हणून लिहिलेला निबंध आहे. शाळकरी मुलांनी आपल्याच वयाच्या लेखिकेच्या पुस्तकावर निबंध लिहावा आणि ते पुस्तकही निबंधच निघावे, हा योग विरळा खरा.

बघ्यांचा विचार सर्वांत टोकाला नेला तो रॉबर्ट कॉर्मियर याने ‘द चॉकलेट वॉर’ या 1974 सालच्या कादंबरीत. ट्रिनिटी या काल्पनिक कॅथलिक शाळेत निधी जमवण्यासाठी मुलांना दरवर्षी चॉकलेटे विकावी लागतात. यंदा कारभार हाती आलेल्या ब्रदर लिऑनने वीस हजार खोकी उचलून ठेवली आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास आली आहेत. जेरी हा नवा मुलगा आधी ‘व्हिजिल्स’ या गुप्त टोळक्याच्या हुकुमावरून दहा दिवस नकार देतो, आणि हुकूम संपल्यावरही स्वतःच्या मर्जीने नकार देत राहतो. टोळक्याचा मेंदू असलेला आर्ची स्वतः कधी हात उगारत नाही. रात्री-अपरात्री निनावी फोन येतात, लॉकरमधल्या वस्तूंची नासधूस होते, आणि मग सबंध शाळा जेरी अस्तित्वातच नसल्यासारखी वागू लागते. शेवटी मैदानावर जेरी आणि शाळेतला गुंड जँझा यांची मुष्टियुद्धाची लढत लावली जाते, तिची तिकिटे विकली जातात, आणि कोणी कोणाला कुठे ठोसा मारायचा ते प्रेक्षक आपापल्या चिठ्ठीवर लिहून देतात. पाहणारा आणि मारणारा यांच्यातली उरलीसुरली भिंतही इथे पडते, कारण प्रत्येक ठोसा कोणीतरी पैसे देऊन विकत घेतलेला असतो. ब्रदर लिऑन दुरून हा तमाशा पाहत असतो आणि तो थांबवीत नाही.

त्याच लिऑनचा एक तास या पुस्तकात आधी येतो. बेली या हुशार मुलाला सर्वांसमोर उभे करून, इतके गुण मिळतातच कसे, नक्कल केल्याशिवाय मिळतील का, असे विचारत लिऑन त्याला टोचत राहतो आणि वर्ग हसतो. मागून एकच आवाज त्याला सोडून द्या म्हणून येतो. तास संपता संपता लिऑन उलटतो आणि वर्गालाच सुनावतो, की इतका वेळ तुम्ही गप्प राहिलात, मजा घेतलीत आणि ही खोली हिटलरची जर्मनी करून टाकलीत. त्याचे म्हणणे खरे आहे, पण ते खरे सांगणारा माणूस स्वतःच छळणारा आहे, आणि या पेचात कॉर्मियर वाचकाला एकटे सोडून देतो.

संशोधनाची वाटही याच दिशेने वळलेली दिसते. स्वीडनचे डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमन यांनी 1972 साली हा प्रकार म्हणजे जमावाची हिंसा आहे असे मांडले होते. ओल्वेयस यांनी लक्ष छळणाऱ्या व छळल्या जाणाऱ्या व्यक्तींवर केंद्रित केले. आणि 1996 साली फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिव्हाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीच्या वर्गांचा अभ्यास करून पुन्हा संपूर्ण वर्ग समोर आणला. त्यांनी भूमिका वेगळ्या काढल्या त्या अशा: छळणारा, त्याला हातभार लावणारा, हसून वा जवळ उभे राहून त्याला चेव आणणारा, अंग काढून घेणारा, बळीची बाजू घेणारा आणि स्वतः बळी. याच विचारातून फिनलंडमध्ये ‘किव्हा’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला, ज्यात बघ्यांचे वागणे बदलण्यावर मुख्य भर असतो. राल्फला या तक्त्यात कोणत्या रकान्यात घालायचे हा प्रश्न वर्गात टाकला, तर पहिल्या प्रकरणापुरता तो चेव आणणाऱ्यांतच जाईल.

गोल्डिंगच्या निष्कर्षाला उत्तर म्हणून अलीकडे टोंगाच्या मुलांची हकीकत सांगितली जाते. 1965 साली टोंगातील सहा शाळकरी मुले एक होडी घेऊन पळाली, वादळात भरकटून अता या निर्जन बेटाला लागली आणि पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर 1966मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाला धडधाकट सापडली. त्यांनी आग विझू दिली नव्हती, कामे वाटून घेतली होती, एकाचा मोडलेला पाय बांधून बरा केला होता, आणि भांडण झाले की दोघांनी डोके शांत होईपर्यंत बेटाच्या वेगवेगळ्या भागांत जायचे असा नेम ठेवला होता. डच लेखक रुटगर ब्रेगमन यांच्या पुस्तकामुळे ही घटना जगभर गाजली. मात्र तिने गोल्डिंग खोटा पडतो असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण ही सहा मुले एकमेकांची दोस्त होती आणि एकत्र पळून आली होती, तर कादंबरीतली मुले परस्परांना अनोळखी आहेत आणि जॅक आपल्या हुकुमात वागणारे गायकपथक बरोबर घेऊनच तिथे उतरला आहे.

कॉर्मियरच्या कादंबरीमागेही एक खरी घटना आहे: त्याच्या मुलाने शाळेसाठी चॉकलेटे विकायला नकार दिला, ती परत केली, आणि त्याला कोणी काहीही केले नाही. काही झाले असते तर काय, या प्रश्नातून कादंबरी निघाली आणि तिच्या काळ्याकुट्ट शेवटामुळे अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. पुढे कित्येक अमेरिकी शाळांच्या वाचनालयांतून ती काढून टाकण्याच्याही मागण्या झाल्या. 1985 साली आलेल्या ‘बियाँड द चॉकलेट वॉर’ या उत्तरार्धात आर्चीचा उजवा हात असलेला ओबी त्याच्यावर सूड उगवायला जातो, तेव्हा आर्ची शांतपणे त्याला सांगतो, की नाही म्हणायला तुम्ही सगळे केव्हाही मोकळे होता. ओबीकडे याचे उत्तर नसते. आर्ची शाळा संपवून निघून जातो आणि व्हिजिल्सची सूत्रे बंटिंग नावाच्या पुढच्या मुलाकडे जातात.