गोळीचा हिशेब अक्षरात

नोव्हेंबर उजाडला की डोंबिवली-कल्याणच्या बँकांत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते. त्यातल्या एखाद्याला काउंटरवरून ऐकावं लागतं, "आजोबा, सही जुळत नाही." पुन्हा करायला जावं तर ती आणखी बारीक येते. पार्किन्सन्समध्ये हे नेहमीचंच. ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं असतं, पुढे खुजं होत जातं. मेंदूत डोपामिन कमी पडल्याने हाताची प्रत्येक हालचाल हवी त्यापेक्षा आखूड होते.

ही उणीव भरून काढणारी लेवोडोपाची गोळी घेतली की साधारण तासाभरात अक्षर थोडं मोठं होतं, हातही चालतो. पूर्वीसारखं मात्र क्वचितच. काही तासांनी असर उतरला की पुन्हा आक्रसतं. हे मोजायला संशोधक डिजिटल टॅब्लेट वापरतात. त्यावर पेनाची जागा आणि दाब सेकंदाला शंभर-दोनशे वेळा टिपला जातो. निरोगी हात एक रेघ ओढतो तेव्हा वेग एकदा चढतो, एकदा उतरतो. आजारी हात तेवढ्याच रेघेत अनेकदा अडखळतो. अक्षरांमध्ये पेन हवेत किती रेंगाळला, हेही कळतं; नुसत्या कागदावर ते दिसत नाही. माझ्या मते देवनागरीची शिरोरेघ ही तर आयतीच चाचणी आहे. सलग, आडवी, लांब. हात कुठे थकतो ते ती लगेच सांगेल.

औषधाने उलटही घडतं. मनोविकारावरचं क्लोरप्रोमाझिन वापरात आलं ते 1952 नंतर. त्याच्यासारखी औषधं डोपामिनचं काम अडवतात, त्यामुळे अक्षर आखडतं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स-योआखिम हासे यांनी रुग्णांना ठरावीक मजकूर लिहायला लावला आणि अक्षर किंचित आखडू लागलं की मात्रा लागू पडू लागली, असं मानलं. रक्ततपासणी नाही, यंत्र नाही. पेन आणि कागद. लिथियम, व्हॅल्प्रोएट यांसारखी औषधं आणि दम्याचं साल्ब्युटामॉल यांनी अक्षर सहसा लहान होत नाही, थरथरतं. ते गोल गोल वेटोळं काढायला सांगितलं की स्पष्ट दिसतं.

मुरबाड-शहापूरच्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही लेवोडोपा असतं. म्हणून कुणी पुड्या देऊ करतं. त्यात ते किती आहे याचा नेम नसतो, आणि चालू गोळीत त्याची भर पडली तर मात्रा बिघडते.

घरी एवढं करता येईल. कोऱ्या, बिनरेघी कागदावर एकच वाक्य आणि एक वेटोळं, तेच पेन, तीच खुर्ची. एकदा गोळीआधी, एकदा तासाने. वर तारीख, वेळ, आणि जेवण कधी झालं तेही लिहा, कारण डाळ-दुधातली प्रथिनं लेवोडोपाच्या शोषणाच्या आड येतात. आठवड्याभराचे कागद न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. अक्षर बघून गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.