बंब काढून काय बसवावे?



लागण, खोडवा, खत नि पाणी यांविषयी या पानावर आम्ही नेहमी लिहितो. या खेपेस शेताच्या पाण्याऐवजी न्हाणीच्या पाण्याविषयी लिहीत आहोत. थंडी पडली की गटात फिरताना हमखास विचारणा होते, "साहेब, बंब काढून काय बसवावं?" प्रश्न घरगुती खरा, पण त्यात शेत, पैसा नि जिवाची काळजी ही तिन्ही आली.

बंबाला आम्ही नावे ठेवीत नाही. तांब्याच्या बंबावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या आंघोळी झाल्या. परंतु पहाटेच्या अंधारात जळण आणून तो पेटवावा लागतो, आणि हे काम बहुधा घरच्या बायामाणसांच्याच वाट्याला येते. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली; त्यांत लहान मुलेही होती. उसाला लागून वस्ती असेल तर अंधारात सरपणाच्या ढिगापाशी वाकणे धोक्याचेच. दुसरे असे की, बंब पेटवायला पाचट ओढून आणले जाते. एकरी तीन-चार टन निघणारे हे पाचट सरीत कुजले तर ओल टिकते नि जमिनीला सेंद्रिय खत मिळते. ठिबकच्या जुन्या नळ्या नि प्लॅस्टिक तर बंबात कदापि घालू नये. तो धूर विषारी असतो.

आता हिशेब पाहू. घरात सहा माणसे, प्रत्येकी २० लिटरची बादली, म्हणजे १२० लिटर पाणी. ते २२ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे अडीच युनिट वीज लागते. २ किलोवॅटचा गिझर त्यासाठी सव्वा तास चालेल. तेच काम गॅसवर केले तर सुमारे पाव किलो गॅस जाईल, म्हणजे १४.२ किलोची टाकी नुसत्या आंघोळीला दोन महिनेही पुरणार नाही.

विजेचा गिझर घ्यायचा तर साठवणीचा, १५ किंवा २५ लिटरचा, आयएसआय चिन्हाचा नि जास्त स्टारचा घ्यावा. १६ अँपिअरचा सॉकेट, चांगले अर्थिंग नि गळती होताच वीज तोडणारा स्विच या तीन गोष्टींत काटकसर नको. वस्तीवर व्होल्टेज कमी असले की पाणी तापायला वेळ लागतो, आणि घरच्या लहान इन्व्हर्टरवर गिझर चालत नाही. बादलीत रॉड सोडणारांनी बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

गॅस गिझर पाणी झटपट देतो. पण बंद न्हाणीत त्याच्या जळण्याने कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. अशा अपघातांत जीव गेलेले आहेत. तेव्हा गिझर नि टाकी दोन्ही न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवावीत. तशी जागा नसेल तर गॅस गिझर घेऊच नये.

राहिले सोलर. शिरूर-दौंड हा अवर्षणप्रवण मुलूख. पाऊस कमी, ऊन भरपूर. हेच ऊन इथे कामी येते. पाच-सहा माणसांना २०० लिटरचा संच पुरतो. त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे, झाडाची सावली नसावी, आणि थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीहून उंच असावी. पत्र्याच्या घराला त्यासाठी वेगळा मजबूत सांगाडा लागेल. तो खर्च आधीच धरावा. बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसत असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या संचापेक्षा काचनळ्यांचा संच बरा; क्षार साचले तरी तो साफ करता येतो. ढगाळ दिवसांत मात्र दुसरी सोय हाताशी हवीच.

एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. २०२४ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला तिचे अनुदान नाही. विक्रेता तसे सांगत असेल तर पैसे देण्यापूर्वी लेखी मागावे.

आमचे मत विचाराल तर, स्लॅबचे घर नि वर टाकी असेल तर सोलर बसवा, आणि बंब पावसाळी दिवसांसाठी राखून ठेवा. घर लहान, माणसे दोन-तीन असतील तर विजेचा गिझर पुरे. आणि ज्यांना यंदा खर्च झेपत नाही, त्यांनी निदान बंब भिंतीच्या आडोशाला, दिव्याच्या उजेडात आणावा नि जळण दिवसाच भरून ठेवावे. याला फारसा पैसा लागत नाही. उसाचे बिल हाती आले की निर्णय घरात सर्वांनी बसून घ्यावा. आणि पहाटे उठून पाणी तापवणाऱ्या माउलीला आधी विचारावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग